आईच्या टाचा

टबातल्या कोमट पाण्यात शाम्पू ओतला आणि त्या वासाने करी रोडची आमची खोली आठवली. भावाच्या लग्नाला दोन दिवस होते, घर पाहुण्यांनी भरलेलं. मी ऑफिसातून आले तर आई मोरीत बसून वजरीने टाचा घासत होती. बादलीत माझ्या महागड्या शाम्पूचा फेस. "या वयात कसली गं थेरं तुझी?" मी सगळ्यांदेखत म्हणाले. बायका हसल्या. आई हळूच म्हणाली, "परवा विहीणबाई पाय धुणार माझे. त्यांच्या हाताला भेगा लागतील." आणि तिने बादली ओतून टाकली. लग्नात विहीणबाई तांब्या घेऊन वाकल्या, तेव्हा आईने पाय लुगड्यात ओढून घेतले. परवा माझ्या मुलाचं लग्न आहे. मी बाथरूमची कडी आतून लावून बसले आहे.