घर क्रमांक चारची बरबटी

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर जेवताना वाचत आले आणि मनातल्या मनात प्रत्येकाची चूक काढत आले. इथे वायरिंग खराब असेल, इथे ताप चढला असेल, हा तर सरळ थापा मारतोय... आमचं घरच तसं. बाबा वर्ध्याला सरकारी कार्यालयात क्लार्क, आई शाळेत गणित शिकवते. मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला वाट देतो, एवढंच. त्यात मी बी.एस्सी., विषय वनस्पतिशास्त्र. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण वर्ष होत आलं, माझ्या ओळखीत याची चूक काढून देणारं कुणी उरलं नाही. तुम्ही काढा.

आमच्या कॉलेजात विज्ञानाच्या मुलांसाठी एक स्कॉलरशिप आहे. नुसते पैसे देऊन मोकळी होणारी नाही... प्रत्येकाला एक मार्गदर्शक प्राध्यापक मिळतात, दुसऱ्या वर्षी छोटं संशोधन करायचं, समितीसमोर मांडायचं, आणि ते चांगलं झालं तर उन्हाळ्यात बाहेरच्या प्रयोगशाळेत इंटर्नशिप. एकच कडक नियम — आकडे खोटे निघाले तर स्कॉलरशिप त्याच दिवशी बंद.

माझी जोडीदार दीपाली. समुद्रपूर तालुक्यातली, गिरडच्या अलीकडच्या एका गावातली, शेतकऱ्याची मुलगी. आम्हा दोघींना देशकर मॅडम मिळाल्या. विषय दीपालीनंच सुचवला होता. तिच्याकडे बायका बरबटीचं, म्हणजे चवळीचं, बी राखेत घालून डब्यात ठेवतात. असं बी प्लास्टिकच्या पिशवीतल्या बियांपेक्षा जास्त उगवतं का, ते बघायचं. चार घरांतून बी आणायचं, ओल्या कागदावर काचेच्या डिशमध्ये ठेवायचं, सात दिवसांनी मोड मोजायचे. सोबत प्रत्येक घराचं थोडं बी आधी उकळून मारायचं आणि तेही ठेवायचं. मेलेलं बी उगवता कामा नये. ते उगवलं, तर समजायचं की आपलं काहीतरी चुकलं.

तीन घरांतून बी सहज मिळालं. चौथं घर भाऊरावकाकाजींचं. त्यांची बायको आदल्या वर्षी वारली होती. तिनं राखेत बी घालून ठेवलेला डबा तेव्हापासून कुणी उघडलेला नव्हता. आम्ही दोघी समुद्रपूरला एसटी बदलून भर दुपारी पोचलो. काकाजी ओसरीवर बसून दोर वळत होते.

"कायले पायजे बी?" त्यांनी विचारलं.

दीपालीनं समजावून सांगितलं. बी उकळणार म्हटल्यावर त्यांचा हात थांबला.

"शिजवाले नेता? अवो पोट्ट्याहो, शिजवाले तं बजारात भेटते की बरबटी! हे बुढीनं पेरासाठी ठेवलं होतं."

"काकाजी, थोडंसंच शिजवू. बाकीचं परत आणून देतो," दीपाली म्हणाली.

ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मग राखेनं माखलेल्या मुठीत बी घेऊन आले. मोजलं तर शंभरच्या आसपास होतं. माझ्या ओंजळीत टाकताना ते दीपालीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "उरलंसुरलं सारं आणून देजो. उगवलेलं बी देजो. फेकून नको देजो."

परत येताना दीपाली म्हणाली, "बिचाऱ्याचं बी चांगलं याले पायजे, नाई का व?" हे वाक्य मी लक्षात ठेवलं. तेव्हा सहज, नंतर मुद्दाम.

प्रयोग लावला. बी अर्धा तास मी उकळलं. डिशमध्ये मांडण्याचं आणि लेबल लावण्याचं काम दीपालीनं केलं, कारण मला प्रॅक्टिकलला जायचं होतं. सातव्या दिवशी मोजायला बसलो. तीन घरांचं उकळलेलं बी बुरशी धरून पिचपिचीत झालेलं. जसं व्हायला हवं तसं. घर क्रमांक चारच्या उकळलेल्या वीस बियांपैकी तीन बियांना मोड होते. चांगले बोटाच्या पेराएवढे, पांढरे, ताठ.

मी दीपालीकडे बघितलं. ती डिशकडे बघत होती.

"लेबल बदललं का गं?"

"नाई."

"मग?"

"मले काय माहीत? उकळलं तूनं."

मॅडमना दाखवलं तर त्या माझ्याकडे बघायला लागल्या. "किती वेळ उकळलंस? घड्याळ लावलं होतंस?" हे ऐकून मला संताप आला. उकळताना मी तिथून हललेही नव्हते. म्हणजे गडबड नंतर झाली, आणि नंतर बी कुणाच्या हातात होतं? काकाजींची दया आली म्हणून तिनं चांगलं बी त्यात घातलं असणार, अशी माझी खात्रीच झाली.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शेंगवर्गीय बियांचं टरफल कडक असतं. एखादं बी उकळूनही तग धरेल. यावेळी ऑटोक्लेव्ह करू." ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच समजा. त्यात सुया, चिमटे, बाटल्या निर्जंतुक करतात. त्यातून जंतू वाचत नाहीत, तिथे बरबटी काय वाचणार!

यावेळी सगळं मॅडमच्या देखत झालं. बाकी तीन घरांच्या बियांसोबत घर क्रमांक चारचं पंचवीस बी वेगळ्या फॉइलमध्ये गुंडाळून त्यांनी स्वतः आत ठेवलं, स्वतः बाहेर काढलं. त्यातलं पाच बी चिरून एका औषधात बुडवलं. जिवंत बी या औषधात लाल होतं, मेलेलं पांढरं राहतं. पाचही बिया पांढऱ्याफटक राहिल्या. मेलेल्या. उरलेल्या वीस बिया डिशमध्ये घालायच्या होत्या.

इथे मी एक गोष्ट केली, ती कुणालाच सांगितली नाही. मॅडमना फोन आला म्हणून त्या दाराशी गेल्या, दीपाली डिश धुवायला गेली. तेवढ्या वेळात मी बारीक टोकाच्या निळ्या मार्करनं त्या वीसही बियांवर एकेक ठिपका दिला. बरबटीला काळा डोळा असतो ना, त्याच्या अगदी बाजूला. आता कुणी बी बदललं तर ठिपका नसेल, आणि चोर सापडेल.

डिशला टेप लावली, टेपवर तिघींच्या सह्या झाल्या, डिश मॅडमच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात गेली. किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी केबिनमध्ये गेले तर मॅडम लेक्चरला गेलेल्या आणि दीपाली एकटी कपाटासमोर उभी. कपाळ काचेला टेकवून.

"काय करतेस इथे?"

ती दचकली. "पाहून राह्यली होती."

"काय पाहायचंय? सात दिवस व्हायचेत."

"तू अशी काऊन बोलून राह्यली?"

मग मी बोलून टाकलं. की मला माहीत आहे तू काय केलंस, की काकाजींची दया येत असेल तर त्यांना घरी नेऊन जेवायला घाल, पण माझी स्कॉलरशिप बुडवू नकोस. सगळं बोलले. दीपाली रडली नाही, भांडलीही नाही. एवढंच म्हणाली, "माह्या गावातून इथपर्यंत शिकाले आलेली मी पहिली पोट्टी हाय. हे गेलं तं मले दुसरं काई नाई. मी काऊन बुडवीन?"

पण संशय गेला नाही. खरं सांगते, तिच्या बोलण्यानं तो उलट वाढला. इतकी शांत कशी काय राहते ही?

सातव्या दिवशी बाराच्या सुमारास तिघी कपाटासमोर बसलो. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडत होतं. टेप शाबूत, सह्या शाबूत. मॅडमनी ब्लेडनं टेप कापली, झाकण उचललं.

सोळा बिया काळपट, मऊ पडलेल्या. चार उगवलेल्या.

चारही मोडांच्या टरफलांवर काळ्या डोळ्याच्या बाजूला निळा ठिपका होता. बी फुगल्यामुळे ठिपका जरा ताणला गेला होता, पण होता.

मॅडम चष्मा काढून जवळून बघत होत्या. "हे निळं काय आहे?"

मला सांगावं लागलं. कधी केलं, का केलं, कुणासाठी केलं. दीपालीनं माझ्याकडे एकदाच बघितलं.

"म्हंजे तू माह्यावर पाळत ठेवून राह्यली होती."

मॅडमनी एक मोड चिमट्यानं उचलून उन्हात धरला, परत ठेवला. मग हात धुऊन आल्या. इतका वेळ हात धुताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"यावर समितीला काय सांगायचं?" त्या म्हणाल्या. "कुकरमधून काढलेलं बी उगवलं? पहिल्या मिनिटाला म्हणतील, मुलींनी आकडे बनवले. आणि मी तुमच्या बाजूनं काय बोलणार? मलाच कळत नाहीये." मग थोडं थांबून, "तक्ता तुम्ही तयार करा. मला सही करता येईल असा द्या."

त्यांनी यापेक्षा एक शब्द जास्त सांगितला नाही. मी त्या वाक्याचा अर्थ शंभर वेळा लावून बघितलाय. त्या मला खोटं लिहायला सांगत होत्या, की खरं लिहायची हिंमत आहे का ते बघत होत्या? आजही त्यांच्याबद्दल मनात किंतु आहे.

बाहेर आल्यावर दीपाली म्हणाली, "चार आले तं चार लिहा लागते."

"आपल्याला फसवे म्हणतील."

"म्हणू दे. तू मले म्हटलंच की. मेली का मी?"

शेवटी तिनं तक्त्यावर सही केली नाही. गावभेटींचा भाग तेवढा लिहून दिला. तक्ता मी एकटीनं भरला. समितीनं आकडे स्वच्छ आहेत म्हणून कौतुक केलं, मला बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत इंटर्नशिप मिळाली. दीपालीचं काम 'अपूर्ण' ठरलं. स्कॉलरशिप टिकली, पण तिला जिल्ह्यातल्याच एका रोपवाटिकेत पाठवलं.

हे सगळं पुढचं. त्याआधी, डिश उघडली त्याच आठवड्यात, आम्ही दोघी काकाजींकडे गेलो. शब्द दिला होता. दहा-बारा कोरं बी उरलं होतं ते, आणि उगवलेले सगळे मोड ओल्या कापसात, आमच्या एका डब्यात. एसटीत शेजारी बसलो. गिरडची टेकडी खिडकीत दिसायला लागली तेव्हा ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

काकाजींनी डबा घेतला, कापूस उघडला. मोड बोटानं हलकेच वेगळे केले. आणि वर न बघताच विचारलं, "याच्यात शिजवलेले किती आले?"

मी झटकन दीपालीकडे बघितलं. तिनं मान हलवली. "मी काईच नाई सांगितलं. आईची शपथ."

"काकाजी, तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"कळाले काय लागते?" ते म्हणाले. "बुढी त्या राखेच्या डब्यातली बरबटी चुलीवर चढू देत नोती. एकडाव पाहुणे आलते, घरात काई नोतं, मीच काढून शिजवाले देल्ली. उरलेली उकिरड्यावर टाकली. पंधरा दिवसानं पाह्यतो तं वेल. बुढी चार दिवस माह्याशी बोलली नाई."

ते हसले नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले — हा माणूस आपली फिरकी घेतोय का? दीपाली आणि हे मिळून तर नाहीत ना? पण ठिपके? ठिपके तर मी दिले होते, माझ्या हातानं, आणि ते मी सोडून कुणालाच माहीत नव्हते.

"किती आले मंग?" त्यांनी परत विचारलं.

"चार," मी म्हटलं. "आधीचे तीन. एकूण सात."

त्यांनी मान डोलावली आणि न्हाणीच्या पाण्यावर, कुंपणाशी, सगळे मोड लावले. खुरपं दीपालीनं धरलं. मला कुणी काही करायला सांगितलं नाही.

त्या वेलांना शेंगा आल्या. मी गुपचूप, दीपालीच्या गावातल्या दुसऱ्या एका मुलीकडून, त्यातलं बी मागवलं. उकळलं, ऑटोक्लेव्ह केलं, वेगवेगळ्या दिवशी, एकटीनं. सगळं कुजलं. एकही उगवलं नाही. राखेतल्या जुन्या डब्यातलं बी काकाजींनी त्या पावसाळ्यात सगळं पेरून टाकलं होतं, त्यामुळे परत तपासायला हाती काहीच नाही.

कडक टरफल म्हणाल, तर चिरलेल्या बिया पांढऱ्या राहिल्या होत्या. अदलाबदल म्हणाल, तर ठिपके होते. कुकर नीट तापला नसेल म्हणाल, तर त्याच खेपेला त्यात ठेवलेल्या बाकी तीन घरांच्या बिया एकूण एक सडल्या. मीच नकळत काही केलं असेल... हाही विचार केलाय, कितीतरी रात्री. इंटर्नशिपमधल्या सरांना नाव न सांगता विचारलं, ते म्हणाले, "कुणीतरी तुम्हाला बनवलं." कुणी, ते त्यांना सांगता आलं नाही, मलाही येत नाही.

कॉलेजच्या लायब्ररीत आमचा रिपोर्ट आहे, कुणालाही बघता येईल. घर क्रमांक चार, ऑटोक्लेव्ह केलेलं बी वीस, उगवण शून्य. ज्या गोष्टीचा आळ मी दीपालीवर घेतला, ती त्या एका आकड्यात मी स्वतः करून बसलेय. खरा आकडा चार आहे. का, ते मला माहीत नाही.