बंद केलेली सलाईन

थंडीत मधाच्या बाटलीच्या तळाशी साखर धरली, की मला वसमतच्या दवाखान्यातली ती सकाळ आठवते. माझ्या थोरल्या भावाला लकवा मारला होता, मेंदूला सूज आली होती, आणि शुगर तर त्याला जुनीच होती. सलाईनच्या बाटलीत पांढरे खडे दिसत होते म्हणून सिस्टर ती गरम पाण्यात धरून हलवत होत्या. "हे काय हाय?" मी विचारलं. "सूज उतरवायचं औषध. साखरेचाच एक प्रकार, थंडीनं खडे धरतात," असं म्हणून बाटली लावून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. माझं डोकंच फिरलं. "शुगरच्या माणसाला साखर चढवून राहिले!" म्हणत मी नळीची चाकी बंद केली. वहिनी धावली. "भावजी, हात काढा! तुमी डॉक्टर हाव का?" "तुमाला विधवा व्हायची लई घाई झाली का?" मी तिला ढकललं. डॉक्टर येऊन ओरडले, "अहो, ही खायची साखर नाही, मेंदूतलं पाणी ओढून लघवीवाटे काढते," तोवर बराच वेळ गेला होता. भाऊ वाचला, पण त्याची वाचा गेली. ती माझ्यामुळेच गेली का, हे डॉक्टरांनी कधी सांगितलं नाही. मी मात्र आमच्या गावी, कुरुंद्यात येताच सांगत सुटलो, की वहिनीनंच औषध बंद पाडलं. भावाला बोलता येत नव्हतं, आणि तिचं कुणी ऐकलं नाही. आता भाऊही नाही. गल्लीत मी दिसलो की वहिनी थुंकते, आणि लोक तिलाच नावं ठेवतात. ठेवू नका. ती बराबर माणसावर थुंकते.