मास्तरांच्या यादीतली सहावी

मास्तर मैदानावर चाललेला खेळ फारसा बघत नसत. खो-खोचा डाव रंगात आलेला असे, खांबाभोवती धूळ उडत असे, कडेची मंडळी शिट्ट्या मारत असत, आणि मास्तर मात्र नुकत्याच बाद होऊन बाहेर आलेल्या मुलीकडे टक लावून बसलेले असत. ती आधी पाणी पिते, की रडते, की तशीच धापा टाकत रेषेजवळ येऊन आत उरलेल्या दोघींना ओरडून सांगते, हे त्यांना बघायचं असे. आम्हा मुलींना सुरुवातीला याचा राग यायचा. एक तर बाद झालेलं, त्यात हा माणूस डोळे रोखून बसलेला.

खरं तर ते मास्तर नव्हतेच. नाशिकच्या कोर्टाच्या आवारात चिंचेखाली टेबल टाकून बसणारे ते टायपिस्ट. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं दिवसभर टंकून द्यायचे आणि पाचनंतर सायकलवर टांग टाकून आमच्या मैदानावर यायचे. तरुणपणी कुठल्याशा रात्रशाळेत वर्षभर शिकवलं होतं, तेवढ्यावर मास्तर ही पदवी जन्मभर टिकली. त्यांच्या मागे आम्ही त्यांना यादीमास्तर म्हणायचो.

कारण दरवर्षी दसऱ्यानंतर मास्तरांची यादी निघायची. जिल्ह्यातल्या कुमारी गटातल्या दहा उमेदीच्या मुली, एक ते दहा क्रमांकानं, प्रत्येकीच्या नावापुढे एक ओळ. तीन कार्बन घालून चार प्रती काढत. एक आमच्या खो-खो मंडळाच्या खोलीच्या दारावर लागे, एक जिल्हा संघटनेच्या चिटणिसांकडे जाई. पूर्वी राज्याच्या शिबिराला कोण जाणार हे कुणाची भाची, कुणाची पुतणी यावर ठरायचं. मास्तरांनी न विचारता पहिली यादी पाठवली तेव्हा चिटणीस हसले होते म्हणे. पण मास्तरांनी वर ठेवलेल्या मुली एकेक करून पुढे आल्या, तसं हसणं थांबलं. आमच्या वेळेपर्यंत, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, यादीतल्या पहिल्या पाचजणी शिबिराला जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखंच असे.

"आजचा खेळ काय, कुणालाही दिसतो," ते म्हणायचे. "मला दोन वर्षांनंतरचा लिहायचा असतो." म्हणून त्यांची यादी वाचताना माणसं चक्रावत. अंतिम सामना जिंकून देणारी मुलगी आठवी असायची आणि दुसऱ्या फेरीत हरलेल्या संघातली एखादी किडकिडीत पोर तिसरी. पुढे लिहिलेलं असे, 'अजून उंची वाढेल. खांबावर वळताना घाबरत नाही.' कुणाच्या नावापुढे असे, 'खेळ उत्तम. घरून पाठिंबा नाही.' नुसत्या पायांवर मुलगी टिकत नाही, घर, शाळा, लग्नाची बोलणी हे सगळं बघावं लागतं, असं त्यांचं मत होतं. ते खरंही होतं, पण त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

पहिल्यांदा माझं नाव यादीत आलं ते नववं. पुढे लिहिलं होतं, 'मंदा. पाय चांगले. बाद झाल्यावर दुसरीकडे बोट दाखवते.' दारावर सगळ्यांनी वाचलं. दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मी कोर्टात गेले. चिंचेखाली एक पागोटेवाले आजोबा अर्ज घेऊन बसले होते. मी त्यांच्यासमोरच म्हटलं, "मास्तर, असं कसं लिहिलंत?"

मास्तरांनी हात थांबवला. "खोटं असेल तर आत्ता खोडतो. सांग, खोटं आहे?"

मी टेबलावरच्या कार्बनकडे बघत राहिले. ते पुन्हा टंकायला लागले. निघताना म्हणाले, "घरी जाताना उसाचा रस पिऊन जा. ऊन फार आहे."

मी वर्षभर जिद्दीनं खेळले. पाय सुधारले, दम वाढला. बोट दाखवणं तर मी अगदी सोडून दिलं, निदान मैदानावर तरी.

त्याच वर्षी यमुना आली. हरसूलकडच्या डोंगरातली, शहरातल्या मुलींच्या वसतिगृहात राहून नववीत शिकणारी. पहिल्या दिवशी शाळेच्या गणवेशातच, अनवाणी खेळली. पाठलाग करणाऱ्या मुली सूर मारून मारून थकल्या आणि ही त्यांच्या बोटाच्या अंतरावरून निसटत राहिली. डावाची शिट्टी झाली तरी ती नाबाद. मास्तरांची पंचाईत झाली, कारण ती बाद होऊन बाहेरच येईना. शेवटी चौथ्या-पाचव्या दिवशी बाद झाली, तेव्हा बाहेर येऊन तिनं ज्या मुलीनं तिला पकडलं तिच्याकडे बघून मान डोलावली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. मास्तर स्वतःशीच हसले. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं.

आम्ही दोघी मैत्रिणी झालो. ती कमी बोलायची. सरावानंतर मंडळाच्या पायरीवर आम्ही शेंगा खात बसायचो. तिच्या घरची माणसं भाताची कापणी उरकली की दिवाळीनंतर निफाडकडे द्राक्षांच्या बागांत कामाला जात, ती सुद्धा दर वर्षी जाई आणि शाळा महिना-दोन महिने बुडे, हे मला तिनंच सांगितलं. आणि त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, शेंगा सोलता सोलता, हेही तिनंच सांगितलं, "औंदा नाय जायाचं मला. आमच्या बाई बोलल्या, शिबिर होस्तोवर इथंच राहा. बापाला विचारलं. तो हो म्हनला." 'बाई' म्हणजे वसतिगृहाच्या अधीक्षिका. हे सांगताना तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी तिच्या हातातल्या शेंगा काढून घेऊन खोटंखोटं भांडले.

यादी टंकायच्या आदल्या संध्याकाळी मास्तर सायकल हातात धरून माझ्याबरोबर द्वारकेच्या चौकापर्यंत चालत आले. आमचं घर त्या बाजूला होतं. चौकात ट्रक खोळंबले होते, त्यांच्या आवाजात मास्तरांनी विचारलं, "मंदा, तू तिच्या जवळची. दिवाळीनंतर यमुना इथं असेल का गं? शिबिराला हजर राहील?"

त्या वर्षी वरच्या चौघी कोण हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक होतं. पाचव्या जागेचा काय तो प्रश्न होता. यमुना त्यात धरली की मी सहावी, हा हिशेब मी आठवडाभर मनात करत होते.

मी म्हटलं, "तिच्या घरची सगळी माणसं बागांत कामाला जातात, मास्तर. ती पण जाते दर वर्षी."

यातला शब्दही खोटा नव्हता. मास्तरांनी चौक ओलांडला. मग "बरं" म्हणून सायकलवर बसले.

यादीत पाचवी मी होते. सहाव्या क्रमांकापुढे लिहिलं होतं, 'यमुना. खेळात सर्वांत सरस. शिबिराला राहील याची खात्री नाही.'

यमुनेनं दारापाशी उभं राहून ती ओळ वाचली. तिला वाचायला वेळ लागायचा, की ती पुन्हा पुन्हा वाचत होती, कोण जाणे. मग मला म्हणाली, "हे कोनी सांगितलं त्यांना?"

"मला काय माहीत," मी म्हटलं.

"जाऊन विचार ना," असं मी तिला म्हणू शकले असते, निदान तेवढं तरी. म्हटलं नाही. आणि ती आपण होऊन जाणाऱ्यातली नव्हती. कोर्टातल्या माणसापुढे उभं राहून 'असं कसं लिहिलंत' विचारायला जी सवय लागते, ती तिला कुणी लावलेली नव्हती. शिबिरच नाही तर वसतिगृहात थांबायचं कशाला, म्हणून दिवाळीनंतर ती घरच्यांबरोबर गेली. त्यानंतर ती शाळेत परत आलीच नाही.

मंडळात लोक म्हणाले, "बघा, मास्तरांनी लिहिलं होतं तसंच झालं." मास्तरांचा मान आणखी वाढला. मी शिबिराला गेले. राज्याच्या संघात राखीव खेळाडू म्हणून बसले. त्या प्रमाणपत्राच्या जोरावर पुढे मला व्यायाम शिक्षिकेची नोकरी लागली.

मास्तरांना मात्र तो मान सहन झाला नाही. माघात वसतिगृहाच्या बाई कोर्टात जाऊन त्यांना भेटल्या, एवढं मला कळलं होतं. काय बोलणं झालं ते कळलं नाही. पण त्यानंतर एका रविवारी मास्तर एसटीनं हरसूलला गेले, तिथून माणसांना विचारत विचारत निफाडच्या बाजूला गेले, आणि संध्याकाळी उन्हानं काळवंडून परत आले. मी धाडस करून विचारलं, "भेटली का?"

"भेटली. ठीक आहे," ते म्हणाले आणि विषय संपवला.

पुढच्या दसऱ्याला यादी निघाली ती वेगळीच. नावं दहाच, पण पुढे फक्त खेळाबद्दल. घर नाही, लग्न नाही, टिकेल-न टिकेल नाही. चिटणीस म्हणाले, "मास्तर, पुढचं काही लिहीतच नाही तुम्ही. मग आम्हाला काय उपयोग?" मास्तर म्हणाले, "पुढचं मला कळत नाही." त्याच्या पुढच्या वर्षी यादी निघाली नाही. ते मैदानावर येत राहिले, पण आता सगळ्यांसारखा समोरचा खेळ बघत. ते बघून मला बरं वाटायला हवं होतं. उलट मी त्यांच्या समोर जायचं टाळू लागले.

आठ-नऊ वर्षांनी, मी स्वतः शाळेच्या मुलींचा संघ निवडू लागले होते तेव्हा, मास्तर आजारी असल्याचं कळलं. कोर्टातलं टेबल दुसऱ्यानं घेतलं होतं. मी घरी गेले. काकूंनी चहा ठेवला आणि त्या दळण आणायला बाहेर पडल्या. मास्तर खाटेवर उशीला टेकून बसले होते, बोटं सारखी थरथरत होती. माझ्या शाळेच्या मुलींबद्दल त्यांनी बारीक चौकशी केली. मग मी एकदम बोलून टाकलं. द्वारकेचं, शेंगांचं, सगळं.

त्यांना आश्चर्य वाटलं नाही. "बाईंनी सांगितलं, की तिची राहायची सोय केली होती. तेव्हाच समजलो. तुझ्याशिवाय मी कुणालाच विचारलं नव्हतं."

"मग बोलला का नाहीत मला?"

"काय बोलू? पाचवीला सहावीबद्दल विचारलं मी. सोळा वर्षांची पोर तू. वसतिगृह काय लांब होतं? सायकल वळवली असती तर दहा मिनिटांत बाईंनाच विचारून आलो असतो. आळस केला."

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग विचारलं, "तिला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलीस?"

आवाज चढलेला नव्हता. रागही नव्हता. पण मी चहा न पिताच उठले. जाईन, येत्या सुट्टीत नक्की जाईन, असं म्हणाले. ती सुट्टी गेली, पुढचीही गेली. शाळेच्या स्पर्धा होत्या, माझं लग्न झालं होतं, मूल लहान होतं. कारणं सगळी खरी होती. खरी कारणं मला नेहमीच सापडत आली आहेत. मास्तर गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं.

त्यानंतर मी हरसूलला गेले. आठवड्याचा बाजार होता. चौकशी करायला फार वेळ लागला नाही, यमुना नागलीचं आणि वरईचं पोतं पुढ्यात घेऊन बसली होती. अंगानं भरली होती, केस मात्र लवकर पिकायला लागले होते. तिनं मला आधी ओळखलं. "मंदा ना गं तू?" म्हणत बसायला गोणपाट सरकवलं, मुलं किती विचारलं. मी तिला सांगितलं. मध्ये गिऱ्हाईक आलं, तिनं मापं घालून दिली, आणि पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "हं, मग?" मी शेवटपर्यंत सांगितलं.

ती बराच वेळ नागलीत हात फिरवत राहिली. मला वाटलं आता शिव्या देईल. मला त्या हव्याच होत्या.

"मास्तर कुठं असतात आता?" तिनं विचारलं.

"गेले. महिना झाला."

तिचा हात थांबला. "ते बागेत आले व्हते. सगळ्यांसमोर हात जोडून बोलले, माझी चूक झाली, परत चल. कोनाचं नाव नाय घेतलं त्यांनी. मला वाटलं, यांनीच केलं." ती थांबली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "उन्हाचे चालत आलेले, मंदा. मी त्यांना पानी पन नाय इचारलं."