मिरचीच्या बाजारात साहेबांचं भाषण

मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या एका मसालेवाल्या शेटकडे लागले. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती ती. पुडीतला तयार मसाला आमच्या भागात अजून नवा होता. शिरूर आणि दौंड या दोन गावांत घरोघर जाऊन पुड्या खपवायच्या, एवढंच माझं काम. माझ्यावर एक साहेब होते. नीटनेटके, पुण्याचं शुद्ध बोलणारे. त्यांनी मला एक भाषण पाठ करायला दिलं होतं: "आमचा मसाला शास्त्रीय पद्धतीने तयार होतो." मी दारात उभी राहून ते म्हणायचे आणि बाया कडी लावून घ्यायच्या.

महिनाभर असंच गेलं. एक दिवस दुपारी शिरूरला आमच्या घरी सगळे जेवायला बसलो होतो. वडिलांना पोटाचा विकार होता, थोरला भाऊ दगडाच्या खाणीवर जायचा. आईनं तुरीची आमटी केलेली. तिनं फोडणी वर ओतायच्या आधी दोन पळ्या वडिलांसाठी बाजूला काढल्या आणि वाढताना म्हणाली, "तिखट न्हाई अजिबात, निवांत जेवा." मग भावाच्या ताटात वाढलं. "आज लई झणका हाय. बघ बाबा, सोसतंय का." भाऊ हसला आणि वाटी पुढे केली.

मी चाखून पाहिली. झणका नव्हताच.

"अगं, ही तर रोजच्यासारखीच हाय," मी म्हणाले.

"व्हय. पर त्याला सपक हाय म्हनलं आस्तं तर ताट सारलं आस्तं त्यानं. आन् तुझ्या बाला तिखट म्हनलं आस्तं तर चाखायच्या आधीच पोट धरलं आस्तं."

दुसऱ्या दिवसापासून मी साहेबांचं भाषण सोडलं. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये कुठकुठल्या मुलखातल्या बाया. एक तेलुगू, शेजारी नागपूरची, पलीकडे हिंदी बोलणारी. नवऱ्यांच्या ड्यूट्या अवेळी, डबा कधीही द्यावा लागायचा. वाळत घातलेल्या मिरच्यांवर इंजिनांची काजळी पडायची. त्यांना मी म्हणायचे, "ताई, वाळवायचं न्हाई, कुटायचं न्हाई. डबा चटकन होतो." पुड्या हातोहात जाऊ लागल्या.

शिरूरला हे चाललं नसतं. तिथं प्रत्येकीला आपल्या हातच्या काळ्या मसाल्याचा अभिमान. कुटू नका म्हणणं म्हणजे तिला आळशी म्हणणं. तिथं मी पुडी फोडून पुढे धरायचे. "मावशी, तुमच्यासारखा न्हाई जमला. काय कमी हाय ते सांगा." मावशी वास घेऊन दहा चुका काढायची. मग मी म्हणायचे, "तुमचा संपला की नवा कुटंस्तवर अडीनडीला असू द्या." चार घरांत एक पुडी जायची, पण जायची.

साहेब एकदा कामासाठी शिरूरला आले. आईनं त्यांना आग्रहानं जेवू घातलं. जेवताना मी त्यांना दौंडची सगळी युक्ती सांगितली. त्यांनी लक्षपूर्वक ऐकली.

पुढच्या महिन्यात पुण्याला बैठक होती. दौंडची विक्री साहेबांनी शेटपुढे मांडली, सगळी स्वतःची म्हणून. "मी तिथं सांगितलं, कुटत बसू नका. बायांना पटलं," ते म्हणाले. चहाच्या वेळी शेट आत गेले, तेव्हा साहेबांनी खांद्यावरचा नॅपकिन पदरासारखा डोक्यावर घेऊन माझी नक्कल केली. "आवं ताई, वास तर घ्या. न्हाई म्हनू नका." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. मग कंबरेत वाकून त्यांनी आईची नक्कल केली. "आवं सायेब, वाईच भात घ्या की." पुन्हा सगळे हसले. त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

संधी चैत्रात आली. दौंडच्या विक्रीवर खूश होऊन शेट स्वतः शिरूरचा आठवडेबाजार बघायला येणार होते. साहेब कर्णा घेऊन सकाळीच हजर झाले.

"कुठं उभं राहायचं?" त्यांनी विचारलं.

"बाया जिथं जास्त असतील तिथं," मी म्हणाले आणि त्यांना मिरचीच्या ओळीत नेलं. वर्षाच्या मसाल्याची खरेदी चालली होती. दोन्ही बाजूंना लाल ढीग.

"आणि बोलायचं काय? दौंडसारखंच चालेल ना?"

या माणसाला शिरूरबद्दल एक ओळ सांगितली असती तर तो वाचला असता. मी म्हणाले, "शेटना तुम्ही सांगितलं तेच बोला. चालंल की."

शेट एका दुकानाच्या सावलीत बसले. साहेबांनी कर्णा तोंडाला लावला. "भगिनींनो, कुटण्यात जन्म घालवू नका! सासूच्या जमान्यातला मसाला आता सोडून द्या!"

ओळीतली घासाघीस थांबली. डोक्यावर मिरचीचं गाठोडं घेतलेली एक म्हातारी पुढे आली. "आरं बाबा, तुझ्या घरी कुटायला कुनी न्हाई व्हय? आन् माझ्या सासूनं तुझं काय वाईट केलं?"

बाया हसू लागल्या. साहेब घाईघाईनं शास्त्रीय पद्धतीवर आले. तेवढ्यात एका मिरचीवाल्यानं मुद्दाम त्यांच्या पायाशी अख्खं पोतं रिकामं केलं. तिखट धूळ उडाली. साहेब कर्णा बाजूला करायला विसरले आणि त्यांचा खोकला साऱ्या बाजाराला ऐकू गेला. मी जागेवरून हलले नाही. पाण्याचा तांब्या माझ्या हाताशी होता.

जाताना शेटनी मला विचारलं, "असं होणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय," मी म्हणाले. "दौंडला काय बोलायचं आणि इथं काय, हे मीच ठरवलं होतं. साहेबांना अर्धंच माहीत होतं." पंधरा दिवसांनी शेटनी साहेबांना गोदामात पुड्यांवर लेबलं चिकटवून घेण्याच्या कामावर टाकलं. मी माल आणायला गेले की ते मान वर करायचे नाहीत. माझं काम पाच मिनिटांचं असायचं. मी अर्धा तास थांबायचे.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी रागावली. "आपल्या ताटावर जेवलेलं मानूस हाय ते."

"त्यानं तुझी नक्कल केली होती. कंबरेत वाकून. सगळ्यांसमोर."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. मग म्हणाली, "तांब्या दिलास का त्याला?"

"न्हाई."

"बरं केलंस."

त्यानंतर शिरूरच्या बाया मला बघितलं की ओळखायच्या. "कुटू नका म्हननाऱ्या सायबासंगं हुतीस ती तूच का?" दोन वर्षं त्या गावात माझी एक पुडी खपली नाही. जी चार घरं मी एकेक करून जोडली होती, तीही तुटली. मी एस.टी.नं दौंडला जायचे, क्वार्टरमध्ये पिशवी रिकामी करून परत यायचे. नुकसान झालं हे खरं. पण तो खोकला आठवला की मला ते फार वाटत नसे.