कव्हरला लावलेला लाल गोट

आमच्या कॉम्प्युटरच्या डब्याला फुलाफुलांचं कव्हर आहे. त्याला मागे एक गोल भोक आहे आणि भोकाला लाल गोट. आज काम करता करता तिथे हात नेला. येणारी हवा नुसती कोमट होती. किती हायसं वाटलं!

मी घरांची थ्रीडी चित्रं करते. महिनाभर चित्र अर्ध्यावर आलं की पडदा काळा व्हायचा. माझ्यासारखंच ग्राफिक्स कार्ड घेतलेल्यांचे अनुभव इंटरनेटवर वाचले. कोणी म्हणे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, नवा टाका, कोणी म्हणे जुनाच बरा. मी तीनदा बदलला, कार्डाला मनसोक्त शिव्या घातल्या. मग एकदा डबा पुढे ओढला, तर मागची बाजू कव्हरने गच्च झाकलेली! धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी हौसेने शिवलेलं कव्हर. कार्डाचा पंखा बिचारा आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता.

त्यांना सांगायचं कसं, या विचारानेच मला घाम फुटला. दोन दिवसांनी सांगितलं.

"एवढंच ना?" त्या म्हणाल्या आणि कात्री घेऊन आल्या. भोक कापलं, दोरे निघू नयेत म्हणून गोटही लावला. "बघ गं, आता घेतं का श्वास."

जपायच्या नादात आपण काय काय झाकून टाकतो, कोण जाणे. आणि समोरचाही आपल्याला वाईट वाटेल म्हणून गप्प बसतो, आतल्या आत तापत राहतो.

आता पडदा काळा होत नाही. मीही सासूबाईंशी पूर्वीपेक्षा जरा जास्त बोलते.