वायरची फांदी, माणसाची फांदी

१९ मे. काम: बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या एका सोसायटीच्या आवारातल्या रेनट्रीच्या वाळक्या फांद्या पावसाआधी उतरवणे. सकाळी सात वाजता आम्ही तिघे झाडाखाली होतो.

तिघे म्हणजे मी, हवालदार जाधव आणि काशिनाथ भोईर. मी फौजेच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेश पोचवणाऱ्या दलातून, मेजर म्हणून बाहेर पडले आणि बदलापूर गावात राहायला आले. जाधव माझ्याच कंपनीत होते, आता अंबरनाथला असतात. काशिनाथ कुळगावचा. फौजेशी त्याचा संबंध नाही. लहानपणापासून ताडावर चढत आलेला माणूस, चार वर्षांपासून आमच्याबरोबर दोरावर काम करतो.

उंच झाडावर दोर चढवायला आम्ही गलोल वापरतो. पोरांची नव्हे. माणसापेक्षा उंच पाइप, वर दोन शिंगं, त्यांना रबरी नळ्या, मध्ये झोळी. ती उल्हासनगरला करून घेतली. वेल्डिंगवाल्या शेटने विचारलं होतं, "मॅडम, इससे मारना किसको है?" म्हटलं, "झाड को." त्याने जाधवांकडे पाहिलं. जाधव म्हणाले, "सच बोल रही है."

झोळीत छऱ्यांनी भरलेली छोटी थैली ठेवायची. तिला बारीक दोरी, बादलीत सैल सोडलेली, म्हणजे गुंतत नाही. पाइपचा पाय जमिनीवर रोवून गुडघा टेकायचा आणि झोळी सरळ खाली ओढायची. दोन्ही नळ्यांना ताण सारखा हवा. मनगट वळलं की थैली बाजूला जाते. नेम फांदीवर धरायचा नाही, तिच्या वरच्या मोकळ्या जागेवर धरायचा. थैली पलीकडे खाली आली की बारीक दोरीला जाड दोर बांधून ओढून घ्यायचा.

हे मी फौजेत शिकले. तिथे माणूस चढवायचा नसायचा, अँटेनाची वायर चढवायची असायची.

पोस्टिंग पूर्वेकडच्या डोंगरात होतं. मी कॅप्टन होते. वायर जितकी उंच तितका वायरलेस सेट लांबवर बोलतो, म्हणून आमचा नेम नेहमी शेंड्याकडे. सायकलच्या ट्यूबची गलोल होती आणि सेक्शनमध्ये सगळ्यात चांगला नेम लान्स नायक शेलारचा. त्यावरून जाधव त्याला चिडवायचे, "बायको पण अशीच गाठली का?" तो म्हणायचा, "नाही, तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला."

एका दुपारी वारा सुटला होता. बाहेर गेलेल्या पेट्रोलचा, म्हणजे गस्तीच्या तुकडीचा, आवाज सेटवर आला.

"मेसेज घ्या. एक जखमी. पोटात गोळी. हेलिकॉप्टर पाठवा. जागा..."

सेट मुका झाला. वायर खाली आली होती. नवीन दोर टाकायला वेळ लागला असता. आधीचा दोर शेंड्याजवळच्या फांदीवरून तसाच होता.

शेलार म्हणाला, "मॅडम, जातो."

तो त्याच दोरावरून गेला. वायर बांधली. खाली ऑपरेटर ओरडला, "आवाज आला!" जागा मिळाली, मेसेज पुढे गेला. शेलार उतरत असताना फांदी मोडली.

हेलिकॉप्टर आलं. जखमी जवान वाचला. शेलार दुसऱ्या दिवशी गेला. चौकशीत अपघात ठरला, आणि तो अपघातच होता.

त्यानंतर सेक्शनमध्ये नियम झाला. वायरची फांदी मनगटाएवढी चालेल. माणसाची फांदी मांडीएवढी हवी, आणि कोणी चढण्याआधी त्या दोराला तिघांनी एकदम लटकायचं. या लटकण्याला कोणी नाव दिलं नव्हतं. जवानांनी आपोआप विचारायला सुरुवात केली, "शेलार केला का?" "केला." पुढे बदलीवर आलेली मुलंही तेच म्हणू लागली.

तर १९ मे. काशिनाथचा दोर मी मांडीएवढ्या फांदीवरून टाकला, शेलार केला, तो वर गेला. नऊच्या सुमाराला त्याने कापलेली एक वाळकी फांदी खाली येण्याऐवजी फिरली. आधी त्याच्या खांद्यावर बसली, मग ज्या फांदीवर त्याचा दोर होता तिच्या सांध्यावर. चर्रकन आवाज आला आणि सांध्याला पांढरी चीर पडली.

काशिनाथ तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर पट्ट्यात लटकत होता. उजवा हात निकामी. एका हाताने त्याला दोर सैल करत खाली उतरता येईना.

"बाय, फांदी बोलते," तो वरून म्हणाला.

"हलू नकोस."

"हलतंय कोन?"

सोसायटीच्या सेक्रेटरी वैद्य मॅडमनी फायर ब्रिगेडला फोन लावला. गाडी निघाली होती, पण गल्ली गटारासाठी खोदलेली. वाट बघण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या फांदीवरून दोर टाकून जाधवांना वर पाठवायचं, एवढंच हातात होतं. चढणारा फांदी दाखवतो, हा आमचा रिवाज. जाधवांनी बोट वर केलं.

"मॅडम, ती. मोकळी आहे, एका नेमात जाईल."

मी पाहिलं. शेंड्याजवळची, मनगटाएवढी.

"जाधव, ती वायरची."

त्यांनी पुन्हा पाहिलं. बोट खाली आलं. "डावीकडची, दुसरी. मांडीची."

"डावीकडची, दुसरी," मी म्हटलं.

ती फांदी चांगली होती, पण वरची फट अरुंद. फटीच्या अलीकडे हातभरावर काशिनाथचं डोकं.

"बाय, मना नको मारू," तो म्हणाला.

"मग डोकं उजवीकडे कर."

पहिली थैली डहाळीला लागून परत आली. दोरी बादलीत नीट भरून घेतली. दुसऱ्यांदा ओढताना मनगट तपासलं. थैली फटीतून गेली, फांदीपलीकडे लोंबली. दोरीला झटके देत ती खाली आणली, जाड दोर ओढून घेतला.

जाधव म्हणाले, "मॅडम, शेलार."

आम्ही दोघंच होतो. वॉचमन गल्लीच्या तोंडाशी गाड्या हलवायला गेला होता.

"वैद्य मॅडम, इकडे या. हा दोर धरून लटकायचंय."

"मी? अहो, माझं वजन विचारू नका."

"विचारत नाही. लटका."

पायातल्या चपला काढून त्या आल्या. तिघांचे पाय जमिनीवरून सुटले. फांदी हलली नाही.

"शेलार कोण?" त्यांनी लटकल्या लटकल्याच विचारलं.

"उद्या सांगते. उतरा."

जाधव वर गेले. काशिनाथला नव्या दोराला अडकवलं, जुना दोर कापला. मी खालून सोडत आणलं. त्याचे पाय जमिनीला लागले तेव्हा माझ्या हातातला दोर घामाने ओला झाला होता. तो जमिनीवर बसून म्हणाला, "चहा हाय का?" वैद्य मॅडम रडायला लागल्या आणि हसायलाही. खांदा निखळला होता, हाड शाबूत होतं. संध्याकाळी डॉक्टरांनी त्याला घरी सोडलं. त्या रात्री मी पुष्कळ दिवसांनी पडल्या पडल्या झोपले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता आम्ही चिरलेली फांदी उतरवायला परत गेलो. काशिनाथ हात गळ्यात अडकवून बघायला आला होता. वैद्य मॅडम चहा घेऊन आल्या.

"आता सांगा. शेलार कोण?"

मी सांगितलं. वायर, वारा, पेट्रोल, फांदी. जास्त वेळ लागला नाही.

काशिनाथने कप खाली ठेवला. "बाय, शेलार मानूस व्हता? चार वरसं बोलतंय मी. मना वाटला, मिलिटरीचा सबूद हाय."

"आहेच," जाधव म्हणाले.

मी गुडघा टेकला, झोळी ओढली आणि मांडीएवढ्या फांदीवरून थैली टाकली. दोर आला. जाधवांनी धरला, मी धरला. वैद्य मॅडमनी न सांगता चपला काढल्या.

काशिनाथ बाजूला उभा होता. त्यानेच विचारलं, "शेलार?"

आम्ही तिघे लटकलो.

"केला," मी म्हटलं.