कलम चार आणि मोज्यांचा खण

पुरुष, मध्यम बांधा, चष्मा. हुद्दा: सहायक (संगणक), पाणीपुरवठा कार्यालय. ओळखीची खूण: डाव्या खांद्यावर पिशवीच्या पट्ट्याचा कायमचा वळ. शैक्षणिक पात्रता: पुरेशी. सर्व्हर प्रशासनाचे प्रमाणपत्र: नाही. वर्तणूक: तक्रार आलेली नाही. कौटुंबिक स्थिती: विवाहित, पत्नी अन्यत्र. ताब्यातील कार्यालयीन मालमत्ता: डिस्क, एक नग, रोज बदलून.

सेवापुस्तकात एवढंच आहे, आणि त्यातलं काहीही खोटं नाही. ऑफिसात त्यांना सगळे सर्व्हरभाऊ म्हणतात. गावातल्या प्रत्येक नळाचं मीटर, प्रत्येक बिल आणि प्रत्येक तक्रार ज्या सर्व्हरवर साठवलेली आहे, तो जिन्याखालच्या खोलीत असतो. त्याला गरम होऊन चालत नाही म्हणून ऑफिसातला एकुलता एक धड एसी त्याच खोलीत बसवलाय. सर्व्हरभाऊंची खुर्ची दाराबाहेर आहे.

डिस्कचं असं झालं. काही वर्षांपूर्वी शेजारच्या इमारतीत आग लागली. आपल्या इमारतीला साधी धगही लागली नाही, पण मोठे साहेब हादरले. बॅकअपची एक प्रत इमारतीबाहेर असावी असं त्यांना कुणीतरी सांगितलं. साहेब म्हणाले, "आजच्या दिवस तुम्ही घरी घेऊन जा. उद्या बघू."

तो उद्या अजून उजाडलेला नाही. रोज संध्याकाळी सर्व्हरभाऊ ताजी भरलेली डिस्क पिशवीत घालून घरी नेतात, कपाटात मोज्यांच्या खणात ठेवतात, आणि आदल्या दिवसाची डिस्क सकाळी पुन्हा भरायला ऑफिसात आणतात. पाण्याला रविवार नसतो, त्यामुळे डिस्कलाही नसतो. त्यांच्या आईनं हे काम मनावर घेतलंय. "अख्ख्या गावाचं पाणी आमच्या कपाटात आहे," असं ती शेजारणींना सांगते, आणि घर मोकळं टाकून लग्नालासुद्धा जात नाही.

बायको शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी तिची बदली दुसऱ्या गावाला झाली. सर्व्हरभाऊ दर रविवारी सकाळच्या बसनं तिच्याकडे जातात, जेवतात, आणि डिस्क बदलायला संध्याकाळी हजर राहायचं म्हणून परत फिरतात. परतीची बस चहाच्या आधी सुटते.

"तीन वर्षांत नवऱ्याला एकदासुद्धा चहा पाजला नाही," बायको म्हणते. "लोकांना वाटत असेल, काय कजाग बाई आहे."

म्हणून ती परीक्षा. बायकोच्या गावातल्या शाखेत सर्व्हर प्रशासकाची जागा रिकामी होती आणि अट एकच होती: प्रमाणपत्र. पास झाले की बदली, बदली झाली की चहा. सर्व्हरभाऊंनी विटेएवढं जाड पुस्तक मागवलं आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलाशी अभ्यासाला बसायला लागले. बायको फोनवरून सराव घ्यायची. तिच्याकडे उत्तरांची पानं होती आणि वर्गातला आवाज होता.

"प्रश्न पुढचा. एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर सगळं तसंच राहील, अशी सर्व्हरमध्येच जोडणी केली. आता वेगळा बॅकअप नको. चूक की बरोबर?"

"चूक. चुकून फाइल पुसली तर दोन्हीकडून पुसली जाईल."

"शाब्बास. बॅकअप घेतल्यावर काय करावं?"

"तो परत उतरवून बघावा. उतरत नसेल तर तो बॅकअप नाही, नुसती समजूत आहे."

"पुस्तकात 'समजूत' असं नाहीये, पण चालेल. आता हे ऐका. बाहेरची प्रत कर्मचाऱ्याच्या राहत्या घरी ठेवणे योग्य की अयोग्य?"

आई पोळपाट पुसायची थांबली.

"अयोग्य," ते म्हणाले.

"बरोबर. कारण द्या."

"सगळी जबाबदारी एका माणसावर येते. तो माणूस आजारी पडू शकतो, गावाला जाऊ शकतो."

"जाऊ शकतो?" बायको म्हणाली. "असं छापलंय?"

"पुढचा प्रश्न विचार."

याच सुमारास वरून तपासणी येणार असल्याची कुणकुण लागली. साहेबांनी सर्व्हरभाऊंना बोलावलं. "आपल्याकडे बॅकअपचं धोरण काय आहे?"

"माझी पिशवी, साहेब."

"लिहून काढा. जरा भारदस्त. तुमचा अभ्यास चाललाच आहे."

सर्व्हरभाऊंनी ठरवलं, सुटायची हीच वेळ. पुस्तकातले उतारे फिरवून त्यांनी पाच कलमी धोरण लिहिलं आणि चौथ्या कलमात आपली सारी हुशारी ओतली: 'बाहेरची प्रत केवळ प्रमाणित सर्व्हर प्रशासकाच्याच वैयक्तिक ताब्यात राहील.' हिशेब सरळ होता. आपल्याकडे प्रमाणपत्र नाही, म्हणजे धोरण मंजूर झाल्या दिवसापासून डिस्क आपल्या घरी ठेवता येणार नाही. ऑफिसला झक मारत दुसरी सोय करावी लागेल. साहेबांनी न वाचता सही केली. धोरण वर गेलं, तिथे वाचलं गेलं, आणि कौतुकाचा शेरा घेऊन खाली आलं. पहिल्या तारखेपासून लागू. परीक्षा त्याच्या आदल्या आठवड्यात होती.

परीक्षेच्या खोलीत खिडकी नव्हती. खिसे रिकामे करून घेतले होते, घड्याळसुद्धा काढून घेतलं होतं. सर्व्हरभाऊ भराभर पुढे सरकत होते. मग पडद्यावर प्रश्न आला: बाहेरची प्रत कोणाच्या ताब्यात असावी? खाली चार पर्याय. त्यातला तिसरा म्हणजे जवळजवळ त्यांचंच वाक्य. त्यांना ओळखीचं माणूस भेटल्यासारखं बरं वाटलं, आणि लगेच त्यांनी ते पुन्हा वाचलं.

प्रमाणित सर्व्हर प्रशासकाच्याच. ऑफिसात असा माणूस आज एकही नव्हता. पेपर संपला की एक असणार होता.

नापास व्हावं तर डिस्क जाईल, पण बदलीही जाईल. पास व्हावं तर बदली दाराशी येणार आणि डिस्क दार अडवून बसणार. इतके महिने 'पास झालो की' म्हणून बोलणाऱ्या माणसाच्या हे कलम लिहिताना लक्षात आलं नव्हतं की तो पास होणार आहे. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यानंही त्यांच्याकडे पाहिलं. शेवटी त्यांनी तिसरा पर्याय निवडला. येत असलेलं उत्तर चुकवण्याची सवय नव्हती.

निकाल जागच्या जागी लागला. उत्तीर्ण.

साहेबांनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं. सर्व्हरभाऊ म्हणाले, "साहेब, तेवढं कलम चार बदलायला हवं."

"बदलायचं? अहो, त्या कलमावर तर कौतुक झालंय आपलं."

"मग प्रत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू."

"लॉकर प्रमाणित आहे का?"

"नाही, साहेब."

"मग? तुम्हीच लिहिलंय ना? फार विचार करून लिहिलेलं दिसतं." साहेब खरोखरच खूश होते. "दुसरा प्रमाणित माणूस आणा, त्याच्या हातात डिस्क द्या, आणि त्याच दिवशी जा. मी अडवणार नाही."

सर्व्हरभाऊंनी मीटर विभागातल्या तरतरीत कारकुनाला गाठलं. पुस्तक देतो, शिकवतो, सराव घेतो, सगळं सांगून झालं. कारकून म्हणाला, "भाऊ, तुमच्याबद्दल आदर आहे. पण माझ्या बायकोला तुमच्या मोज्यांच्या खणाची गोष्ट माहीत आहे." बाकीच्यांनी इतकंही बोलायचे कष्ट घेतले नाहीत. पास होणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

संध्याकाळी फोनवर बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मार्क किती पडले?"

"शंभरात सत्त्याण्णव."

"तीन कुठे गेले?"

"कळवत नाहीत."

"मी सांगते कुठे गेले. कलम चारमध्ये," ती म्हणाली, आणि तिनं फोन आईकडे द्यायला सांगितलं. आईनं डिस्कला नवी पिशवी शिवायला घेतली होती. आता पोरगा प्रमाणित झाला होता, जुनी शोभत नव्हती.

सेवापुस्तकात दोन नव्या नोंदी झाल्या आहेत. प्रमाणपत्र: आहे. बदली: पत्नीच्या ठिकाणी, मंजूर, बाहेरील प्रत अन्य प्रमाणित सर्व्हर प्रशासकाकडे सुपूर्द केल्याच्या दिनांकापासून अमलात.

परतीची बस चहाच्या आधी सुटते.